दोन्ही चाव्या एकाच कमरेला

ताई, नमस्कार.

मी ४४ वर्षांची, सरकारी बँकेत अधिकारी. शाखा फोर्टात, घर बदलापुरात. सकाळी सातच्या आतली गाडी पकडते, परत यायला साडेआठ-नऊ. शाखेत माणसं कमी. मी कॅशची जॉइंट कस्टोडियन आहे, तिजोरीच्या दोन चाव्यांपैकी एक माझ्याकडे असते, त्यामुळे गाडी लेट झाली की पोटात गोळा येतो. माझी चावी पोहोचल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. रात्री साडेनऊला ग्रुपवर वरच्या साहेबांचा मेसेज असतोच, 'आज इन्शुरन्सचा आकडा किती?', म्हणजे ग्राहकांना किती विमा विकला. मिस्टर अंबरनाथला कारखान्यात आहेत, सहाला घरी असतात. माणूस वाईट नाही. सांगितलं की करतात, पण सांगावं लागतं, आणि त्यांनी केलेलं मला पुन्हा करावं लागतं. सासूबाई ७६ वर्षांच्या, साखर आहे, गुडघे गेलेत. रात्री दार त्याच उघडतात, हातातली पिशवी घेतात. मुलगी नववीत.

गेल्या महिन्यात मी तिला विचारलं, 'प्रोजेक्ट किती टक्के झाला? उद्या क्लोज झाला पाहिजे.' ती म्हणाली, 'आई, मी तुझी ब्रँच नाहीये.' त्यावर मी एवढी ओरडले की सासूबाई उठून देवघराशी जाऊन बसल्या.

हल्ली बदलापूरला उतरले की लगेच घरी जात नाही. फलाटावरच्या बाकावर वीसेक मिनिटं बसते. कधी वडापाव खाते. घरी सांगत नाही. पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते. पाळीचं तंत्र बिघडलंय. कधी कधी वाटतं, कुणाला न सांगता कुठेतरी निघून जावं.

आता स्केल थ्रीच्या प्रमोशनची संधी आली आहे, पण बदली बाहेर होऊ शकते. मिस्टर म्हणतात, तू ठरव. गेल्या वर्षी बँकेने दहा दिवसांच्या सक्तीच्या रजेवर पाठवलं होतं, त्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलं आणि माळा साफ केला. प्रमोशन नाकारू का? की नोकरीच सोडू? मी वाईट आई आहे का?

– एक बदलापूरकर

*

प्रिय बदलापूरकर,

आधी वडापावचं बघू. तुम्ही त्याबद्दल अशा सुरात लिहिलंय, जणू कॅशमध्ये शॉर्टेज निघाली आणि तुम्ही ती लपवली. अहो, सकाळी साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत त्या वीस मिनिटांखेरीज तुमच्याकडे कुणी काही मागत नाही अशी वेळच नाही. शाखा मागे राहिलेली, घर अजून आलेलं नाही, मध्ये एक बाक. तो सोडू नका. फक्त घरी सांगून टाका, 'मी उतरल्यावर थोडी बसून येते.' लपवण्यात जी शक्ती जाते ती तुमच्याकडे शिल्लक नाही.

आता तब्येत. हे मी मागे ढकलणार नाही, कारण तुम्ही पत्रात ते पाळीच्या एका वाक्यात गुंडाळून पुढे गेलात. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहाटे जाग येणं, धडधड, चिडचिड, पाळी मागेपुढे होणं, यातलं बरंच काही पाळी जाण्याआधीच्या वर्षांमुळे असू शकतं. थायरॉइड असू शकतं, हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं. आणि नुसता ताणही असू शकतो. कुठलं किती, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि तुम्हीही बाकावर बसून ठरवू शकत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा, रक्त तपासा, बीपी बघा, धडधडीचं आवर्जून सांगा. वेळ कुठून आणू, असं म्हणाल. मार्च २०२४ च्या वेतन करारापासून बँकेतल्या बायकांना महिन्याला एक दिवस आजारपणाची रजा डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय घेता येते. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. आतापर्यंत अशा किती घेतल्यात?

आणि एक सरळ विचारते. 'निघून जावं' म्हणजे चार दिवस कुठे डोंगरावर जावं, की जगातूनच? पहिलं असेल तर त्यावर पुढे बोलू. दुसऱ्याची सावली जरी असेल, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री तीनलाही कुणीतरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं. आणि त्याच दिवशी यजमानांनाही सांगा.

मुलीकडे येते. 'मी तुझी ब्रँच नाहीये.' काय नेमकं बोलली हो ती! तुम्हाला ते लागलं, पण मला विचाराल तर घरातलं कुणीतरी तुमच्याकडे नीट बघतंय, याचा हा पुरावा आहे. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये नोकरी आणि घर यांच्यातल्या ओढाताणीचे तीन प्रकार मांडले होते. एक वेळेचा: इथे असलं की तिथे नसतो. दुसरा ताणाचा: इथला शीण तिथे सांडतो. तिसऱ्याकडे आपलं लक्षच जात नाही, तो वागण्याचा. एका ठिकाणी जे वागणं उपयोगी पडतं, तेच दुसरीकडे अंगावर येतं. दिवसभर तुम्हाला कुणी विचारतं, किती झालं, कधी क्लोज होणार. तुम्ही पुढच्याला तेच विचारता. नऊ वाजता बूट काढताना तो आवाज काही दारात राहत नाही. मेसेज साडेनऊला आला, तुम्ही तो वाचला, आणि पुढच्या मिनिटाला मुलीकडे तिच्या प्रोजेक्टचा आकडा मागितला. साहेबांचं वाक्य, फक्त तोंड तुमचं.

तिची माफी मागा. 'सॉरी, पण तूसुद्धा' असली नको. 'तू बरोबर बोललीस, मी ब्रँचसारखं विचारलं,' एवढंच. तुम्ही वाईट आई आहात का, याचं उत्तर मी देणार नाही. वाईट आया हा प्रश्न पोस्टाने विचारत नाहीत.

आता त्या चाव्या.

तुमच्या पत्रात तिजोरीची ओळ वाचली आणि मी थांबले. तिजोरीला दोन चाव्या, दोन माणसांकडे. एकट्याने उघडताच येऊ नये म्हणून. एंट्री टाकणारा मेकर वेगळा, पास करणारा चेकर वेगळा; कितीही घाई असो, एकाच आयडीवरून दोन्ही करायचं नाही. ज्या बाई दिवसभर हा नियम पाळतात, त्यांच्या घरात मात्र दोन्ही चाव्या एकाच कमरेला. भाजी काय आणायची हे ठरवणाऱ्या तुम्ही, आणली का ते बघणाऱ्या तुम्ही, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात हे आठवणाऱ्याही तुम्ही. यजमान 'सांगितलं की करतात'. शाखेत नव्या पोराने वर्षभरानंतरही असंच म्हटलं, की मॅडम, सांगाल ते करीन, तर तुम्ही त्याचा कसला रिपोर्ट लिहाल?

मी नोकरी करायचे तेव्हा आम्ही बायका गाडीत वाटाणे सोलत, मेथी निवडत जायचो. वर्तमानपत्रात आमचे फोटो यायचे, कौतुक व्हायचं, आम्हीही ते करून घ्यायचो. आता वाटतं, कौतुक कसलं! बसायला मिळालेला तो एक तासही स्वयंपाकघराने नेला होता. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत निघालं होतं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ९७. पण घड्याळात मोजतात ते पोळ्या आणि भांडी. गोळ्या संपत आल्यात हे कल्याणच्या पुढे उभ्या-उभ्या आठवतं, ते कुठल्या मिनिटात धरणार?

म्हणून यजमानांकडून 'मदत' मागू नका. चार्ज द्या. बदली झाल्यावर देता तसा. पूर्ण खातं: सासूबाईंची औषधं, साखरेची तपासणी, डॉक्टरांची तारीख, मेडिकलवाल्याचा हिशोब. शेवटी आई त्यांची आहे आणि ते सहाला घरी असतात. दुसरं खातं, मुलीची शाळा; वर्गशिक्षिकांचा नंबर त्यांच्या फोनमध्ये, शाळेच्या ग्रुपवर तेच. स्वयंपाकाचं नंतर बघू, एकदम सगळं हलवलं तर सिस्टिम हँग होईल.

आणि इथे तुमच्यावर थोडं रागावते. त्यांनी लावलेली भांडी तुम्ही पुन्हा लावता. का? चार्ज दिल्यावर जुना अधिकारी रोज येऊन नव्याने स्टेपलर कुठे ठेवला ते बघत नाही. कढई खालच्या फळीवर गेली तर जाऊ दे. त्या माणसाने प्रत्येक वेळी काहीतरी केलं आणि प्रत्येक वेळी तुम्ही ते रिजेक्ट केलंत, तर तोही सांगेपर्यंत थांबायला शिकणारच. त्यांची बाजू माझ्याकडे नाही, पण 'तू ठरव' म्हणणारा नवरा नेहमीच अंग काढून घेत असतो असं नाही. कधी कधी त्याला खरंच वाटत असतं की आपण ठरवलेलं इथे पास होणार नाही.

सक्तीच्या रजेचं वाचून तर मी कपाळावर हात मारला. ती रजा का असते, तुम्हाला माहीत आहे. जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम पक्का केला: नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान दहा कामाचे दिवस बाहेर ठेवायचं, आणि ऑफिसच्या ईमेलपलीकडे कशालाही हात लावू द्यायचा नाही. हेतू तुमच्या विश्रांतीचा नाहीच मुळी. तो माणूस नसताना काय काय अडतं, काय वर येतं, ते बँकेला बघायचं असतं. घराने तुम्ही नसताना असं कधी बघितलंय? ती दहा दिवसांची रजा बँकेपासून होती. माळ्यावरून तुमची सुटका झाली नाही.

तर येत्या दुसऱ्या शनिवारी बँक बंदच असते. शुक्रवारी संध्याकाळी परस्पर माहेरी जा, मैत्रिणीकडे जा, आणि रविवारी रात्री परत या. हेच तुमचं 'निघून जाणं', फक्त सांगून केलेलं. फ्रिजवर चिठ्ठी लावून जाऊ नका. डब्यात पीठ आहे, दही लावलंय, शनिवारी गॅसवाला येईल, काही लिहायचं नाही. साखरेच्या गोळ्या किती आणि केव्हा, एवढंच लिहा; तिथे प्रयोग नको. फोन सकाळ-संध्याकाळ एकेकदा, पाच मिनिटं. परत आल्यावर घर विस्कटलेलं दिसेल. ते तसंच राहू द्या आणि झोपा.

बँकेच्या बाजूनेही काही आहे, ते सगळं तुमच्या घरावर ढकलून मी मोकळी होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, कामाच्या जागी साठत गेलेल्या आणि न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. माणसं कमी आणि वर विम्याचा आकडा, हे तुम्ही योगासनं केल्याने सुटणार नाही. रात्रीच्या मेसेजला एकट्याने बंड करू नका, नाव तुमचंच पुढे येईल. शाखेतले तिघे-चौघे मिळून मॅनेजरना सांगा की आकडा सहाला निघताना देऊ, रात्री साडेआठनंतर ग्रुप बघणार नाही. नाही ऐकलं तर अधिकारी संघटना आहे, वर्गणी भरताच ना? सुपातले पोहे हलवून खडे वेगळे करावेत, तसं प्रत्येक गोष्टीचं करा: हे माझं, हे यजमानांचं, हे साहेबांचं. आत्ता सगळं एकाच सुपात आहे.

प्रमोशनला नकार आज पाठवू नका. होकारही नको. आधी तुमच्या बँकेचं बदली धोरण मागून वाचा. स्केल थ्रीला झोनबाहेर जावंच लागतं का, नकार दिला तर पुन्हा संधी किती वर्षांनी, हे तोंडी ऐकून ठरवायचं नाही. विवाहित महिला कर्मचाऱ्यांना, त्यांनी मागणी केली तर, नवऱ्याच्या गावी किंवा शक्य तितक्या जवळ नेमावं असं अर्थ मंत्रालयाने २०१४ मध्ये सरकारी बँकांना कळवलेलं आहे. ते हक्काने मिळतंच असं नाही, पण अर्जात लिहायला जागा आहे. मुलीची दहावी पुढच्या वर्षी, तेही लिहा. एवढं हातात आल्यावर नको वाटलं, तर नको म्हणा, कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. आज मात्र तुम्हाला प्रमोशन नकोय की झोप हवीय, हे तुम्हालाच कळत नाहीये. नोकरी सोडण्याचंही तेच. माझ्या ओळखीच्या दोघींनी अशाच थकव्यात राजीनामा दिला. एकीला बरं वाटलं. दुसरी आज घरात तेवढीच दमते, फक्त पगाराची स्लिप येत नाही.

राहिल्या सासूबाई. अर्ध्या ओळीत तुम्ही लिहून गेलात की रात्री दार त्याच उघडतात आणि पिशवी घेतात. गुडघे गेलेली बाई खोलीतून दारापर्यंत येते, रोज. तुमच्या सगळ्या पत्रात तुमचं ओझं हातातून घेणारं एवढं एकच माणूस दिसलं मला. त्यांना विचारा, दुपारी बसल्या बसल्या काय करायला आवडेल. भाजी निवडणं, मुलीला जेवायला वाढणं, काहीही. माझा अंदाज आहे, त्या विचारण्याचीच वाट बघत असतील. चार्ज देताना त्यांनाही समोर बसवा. गोळ्यांचा डबा मुलाच्या हातात जाताना आईने बघितलेला बरा.

रक्ताचे रिपोर्ट आले की कळवा. आणि दुसऱ्या शनिवारी कुठे गेलात, तेही.

तुमची,
ताई