साध्या कॅनव्हास बुटांवर कापडाचे तुकडे लावले तर टिकतात का? गोंद कोणता वापरावा?

टिकतात, पण नुसत्या गोंदाच्या भरवशावर नाही. मी अमळनेरला ब्लाउज-ड्रेस शिवते. कात्रणांची पोती घरात पडूनच असतात, त्यामुळे गल्लीतल्या पोरींचे बूट सजवून देणं हा माझा जोडधंदाच झालाय म्हणा.

तुम्ही लिहिलंय की बूट मुलीचे, पांढरे आहेत आणि घरात जुन्या साड्यांचे काठ आहेत. काठ वापरा, पण जागा बघून. जरीचा जाड काठ गोलाईवर बसत नाही, चुण्या पडतात. टाचेमागची उभी पट्टी किंवा नाडीच्या छिद्रांची बाजू, अशा सरळ जागीच तो शोभतो. पुढच्या गोलाईला पातळ सुती कापड घ्या आणि उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं कापा, मग ते ताणून नीट बसतं.

कापड आधी धुऊन घ्या. खळ निघते, आटायचं तेवढं आटून जातं. लाल, मरून कापड ओलं असतानाच पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रुमालाला रंग लागला तर ते पांढऱ्या बुटावर नकोच.

आता मुख्य गोष्ट. मुलीला बूट घालून चवड्यावर उभं राहायला सांगा. बोटांच्या मागे जिथे कॅनव्हासला घडी पडते, तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा. सगळे तुकडे उखडतात ते याच घडीवर. एकच मोठा तुकडा त्या खुणेवरून नेऊ नका. घडीच्या पुढे एक, मागे एक, आणि मधली पट्टी कोरी ठेवा. तळाजवळच्या रबरी पट्टीवरही काही चिकटवू नका, तिथे कापड धरत नाही.

माप कागदावर काढा. दुसऱ्या पायासाठी तोच कागद उलटा ठेवून कापायचा, नाहीतर दोन्ही तुकडे एकाच पायाचे होतात.

गोंद म्हणाल तर शाळेच्या प्रोजेक्टला लागतो तो पांढरा गोंद पाण्यात मऊ पडतो. फॅब्रिक ग्लू घ्या, बाटलीवर धुतल्यावर टिकतो असं लिहिलंय का ते वाचून. मोची वापरतात ते रबर सोल्युशन पक्कं असतं, पण पातळ कापडातून त्याचा पिवळट डाग वर येतो. बुटात कागद गच्च कोंबा, ब्रशने पातळ थर द्या आणि मधून कडेकडे दाबत जा. एप्रिल-मे असेल तर पहाटेच बसा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा गोंद ब्रशवरच वाळायला लागतो. एकेक तुकडा लावा आणि रात्रभर सावलीत सुकू द्या. गच्चीवर उन्हात ठेवलेत तर बुटाच्या तळाची चिकटवणीच ढिली व्हायची.

दुसऱ्या दिवशी कडेने काजटाका (बटणाच्या काजाला घालतात तो) घाला. सुती कापडाची कड आधी अर्धा सेंटिमीटर आत दुमडून घ्या, नाहीतर दोरे सुटतात. पॉलिस्टर सॅटिनची कड मेणबत्तीच्या जवळून झटकन फिरवली की वितळून बंद होते. सुतीवर हा प्रयोग नको, ते पेटतं. पुढच्या टोकात हात जात नाही, तिथे वाकडी सुई लागते. मोच्याकडे मिळते, किंवा त्याच्याकडूनच तेवढे टाके घालून घ्या. टाका वरच्या कॅनव्हासमधूनच घ्यायचा, अस्तरापर्यंत नाही. आत गाठ आली की पोरीच्या पायाला फोड आलाच समजा.

चाळीसगावकडच्या बंजारा बायका कापडावर आरसे भरतात, तसे लावायचा मोह होतो. लावा, पण बाहेरच्या बाजूला, टाचेजवळ. चवड्यावर आरसा फुटतोच, आणि काच पायाशी नको.

धुताना मशीनमध्ये टाकू नका. नाड्या काढून, साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून पुसून काढा. काजटाका कुठे सुटलेला दिसला तर ओलं असतानाच नाही, वाळल्यावर पुन्हा घाला.