पहिलीतल्या मुलाला गालगुंड झालंय. घरगुती आयुर्वेदिक उपाय कोणता? सासूबाई चुना-हळद लावायला सांगतात, लावू का? परीक्षा चालू आहे, शाळेत पाठवू का?

ताई, आधी शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं देते. चुना लावू नका आणि शाळेत पाठवू नका.

आमचं सोलापुरात मंगळवार पेठेच्या बाजूला काष्ठौषधींचं दुकान आहे. मी वैद्य नाही, पण गल्ल्यावर बसून गालगुंडाची गिऱ्हाइकं बरीच पाहिली आहेत. कुणी गालफुगी म्हणतं, कानडी बायका मंगनबावु म्हणतात, तेलुगू गवदबिळ्ळलु. हात मात्र सगळ्यांचा बोलता बोलता कानाखाली जातो. आणि मागणी एकच असते, ‘सूज उतरेल असं काहीतरी द्या.’ माल विकणारीच सांगते आहे म्हणून ऐका: लेपानं दुखणं हलकं होतं, पोराला बरं वाटतं, पण आजार लवकर जात नाही. हा विषाणूचा आजार आहे. सूज एक ते तीन दिवस वाढते आणि साधारण आठवडाभरात आपली आपण उतरते. ती उतरली की श्रेय शेवटी जे लावलं असेल त्याला मिळतं. प्रतिजैविकांचाही यात उपयोग नसतो, त्यामुळे मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नका.

पण ते गालगुंडच आहे ना, हे एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या. गालगुंडात कानाची पाळी थोडी वर-बाहेर ढकलल्यासारखी दिसते, जबड्याचा कोपरा बोटाला लागत नाही आणि आंबट खाल्लं की कळ येते. दाढ किडली किंवा घशाची गाठ सुजली तरी आई-आजीला ते गालगुंडच वाटतं. त्यातही मान दोन्ही बाजूंनी फुगली असेल आणि घशात पांढुरका-राखाडी पापुद्रा दिसत असेल, तर घटसर्पाची शंका येते. तेव्हा लेप-बिप न करता थेट सिव्हिलला जायचं.

आता लेप. सुश्रुतसंहितेत याच जागी येणाऱ्या सुजेला पाषाणगर्दभ म्हटलंय, आणि शेकून देवदार, मनःशिळा, कुष्ठ (कोष्ठ नावाची मुळी) यांचा लेप लावायला सांगितलाय. मोबाइलवर ही कृती वाचून मनःशिळा मागायला येणारे असतात. मनःशिळा म्हणजे सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं विषारी खनिज, ते लहान मुलाच्या तोंडाशेजारी घरी लावायची गोष्ट नाही. बिब्बा तर आम्ही अशा कामाला देतच नाही, कातडीवर फोड उठतात. चुन्याचंही तेच, सूज राहते बाजूला आणि वर भाजल्याची जखम. सासूबाईंना हळदच हवी असेल तर आंबेहळद घ्या, त्यांचाही मान राहील.

रक्तचंदनाचं खोड घ्या, पूड नको, पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. सहाणेवर कोमट पाण्यात उगाळा, त्यातच आंबेहळदीचा तुकडा चार वेळा फिरवा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून थांबा, खाज किंवा लाली आली नाही तरच गालावर पातळ थर द्या. कानात आणि ओठांवर जाऊ देऊ नका. पुरता वाळून कडक होण्याआधी ओल्या फडक्यानं हळूच पुसा. वाळलेला लेप ठेवू नये आणि रात्री लेप लावू नये, हे जुने वैद्यही सांगतात. वाळला की कातडी ओढली जाते आणि पोर रडतं. दहा औषधींचा तयार दशांग लेप चालतो, तो थोड्या तुपात कालवतात. उशीचा अभ्रा जुना घाला, आंबेहळदीचा डाग जात नाही.

शेकाच्या बाबतीत पोराला विचारा. कुणाला कोमट फडकं बरं वाटतं, कुणाला गार, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर बहुतेकांना माठाच्या पाण्यात भिजवलेलं. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी नको. वरून कोमट लागते, पण आतलं मीठ भाजण्याइतकं तापलेलं असतं.

खरी लढाई तोंडाची आहे. चावलं की दुखतं, म्हणून पोर खात नाही, पाणीही पीत नाही. लिंबू, चिंच, ताक, मोसंबीचा रस बंद. आंबटानं लाळ सुटते आणि सुजलेल्या ग्रंथीतून ती बाहेर येताना कळ मारते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर विसरा. मऊ भात-वरण, तूप घालून ज्वारीच्या कण्या, दूध, केळं. पाणी घोटघोट, सारखं. गुळण्या करता येत असतील तर कोमट मीठपाण्याच्या. ज्येष्ठमधाचं कोमट पाणी गोड लागतं, त्याच्याही गुळण्या मुलं खुशीनं करतात. गुळवेलीचा काढा मी विकते, पण सहा वर्षांच्या पोराला या दिवसांत मनानं पाजू नका. कडू म्हणून ओकतं आणि पोटात गेलेलं पाणीही बाहेर येतं. ताप-दुखीला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे किती ते डॉक्टर सांगतील. ॲस्पिरिन मुलांना द्यायची नाही.

शाळेचं असं, की सूज दिसायच्या आधी दोन दिवसांपासून संसर्ग पसरतो आणि सूज आल्यावर पाच दिवस तरी घरी ठेवावं लागतं. बाईंना फोन करून सांगा, पहिलीची परीक्षा नंतरही घेतात. पेला-चमचा वेगळा ठेवा. घरातल्या दुसऱ्या मुलाला लगेच काही झालं नाही म्हणून सुटलो समजू नका, लागण झाल्यावर सूज दिसायला 12 ते 25 दिवस लागतात.

‘सरकारी डोस सगळे झालेत, तरी कसं झालं?’ हेही नेहमी विचारतात. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची एमआर लस मिळत आलीय, तिच्यात गालगुंडाचा भाग नसतो. तो एमएमआरमध्ये असतो, ती खासगीत मिळते. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षं अशी तीनदा द्यायला सांगते. आता दिली तर हा आजार थांबणार नाही, पण धाकट्यासाठी डॉक्टरांशी बोला.

मुलगा आहे म्हणून आज्यांना ‘पुढे मूल होणार नाही’ याची धास्ती असते. अंडकोशाला सूज येते ती बहुतेक वयात आलेल्या मुलांना आणि पुरुषांना, आणि त्यातही कायमचं वंध्यत्व क्वचितच. त्यामुळे घरात लहानपणी गालगुंड न झालेला आणि लस न घेतलेला बाप्या असेल तर त्यालाच लांब ठेवा. पोराचं डोकं खूप दुखत असेल, मान ताठ झाली असेल, ते सारखं ओकत असेल, पोटात जोरात दुखत असेल, झोपेतून नीट जागं होत नसेल किंवा अंडकोश सुजला असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत. गालगुंडात क्वचित एका कानाचं ऐकू येणं जातं, आणि दुसरा कान चांगला असल्यानं मूल सांगतही नाही. आत्ताही आणि सूज उतरल्यावरही फोन आधी एका कानाला लावून मामाशी बोलायला सांगा, मग दुसऱ्या. फरक वाटला तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.