दिवसभर सारखं लघवीला जावं लागतं, पण जळजळ नाही. शुगर असेल का?

वय ३८, दिवसाला बारा-चौदा फेऱ्या, जळजळ नाही, आणि शुगरच्या धास्तीनं तुम्ही पाणीही कमी केलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी परिचारिका आहे, डॉक्टर नाही. पण ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना मी आधी विचारते ते हे, की एका वेळी होते किती? फेऱ्या मोजल्या जातात, माप कोणी घेत नाही. आणि कारणाचा अर्धा माग तिथेच लागतो.

एक मापाचं भांडं घ्या आणि तीन दिवस वेळ, मिली, काय प्यायलात आणि घाई किती होती ते लिहून ठेवा. 'अंदाजे' लिहू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. २४ तासांची बेरीज ३ लिटरच्या वर जात असेल तर मूळ दुखणं लघवीच्या पिशवीत नसून लघवीच जास्त तयार होतेय. तेव्हा शुगरची शंका रास्त. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते, म्हणून तहानही लागत राहते. सूज किंवा बीपीसाठीच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते.

बेरीज एक-दीड लिटरच, पण दर खेपेला ७०-८० मिली, असं असेल तर गोष्ट वेगळी. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे जंतू चटकन वर चढतात. जळजळ बहुतेकदा असते, पण नसली म्हणून इन्फेक्शन नाहीच असं समजू नका. पाळी चुकली असेल तर सगळ्यात आधी गरोदरपणाची चाचणी करा. गर्भाशयातल्या गाठींचा दाब, बाळंतपणांनंतर अंग खाली उतरणं, मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला अडकलेला खडा, जुनी बद्धकोष्ठता, चहा-कॉफी यांनीही फेऱ्या वाढतात. पाळी जायच्या वयात तिथली त्वचा कोरडी, पातळ होते, तेही एक कारण.

सकाळी उठल्यावर ३५०-४०० मिली आणि दिवसा मात्र ८०-८०, असा तक्ता दिसला तर पिशवीत जागा आहे, ती भरायच्या आधीच रिकामी होतेय. यामागे बऱ्याचदा चिंता असते, नाहीतर 'बाहेर पडायच्या आधी एकदा जाऊन येते' ही सवय. एकदम घाई होऊन वाटेतच थेंब सुटत असतील तर पिशवी अतिक्रियाशील असू शकते; त्यावर व्यायाम आणि औषधं दोन्ही आहेत. पिशवी भरत आली की दुखतं आणि मोकळी झाली की बरं वाटतं, असं होत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाणी तोडू नका. लघवी गडद झाली की पिशवीला उलट जास्त टोचते.

डॉक्टर बहुधा लघवीची तपासणी, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी), रक्तातली साखर आणि सोनोग्राफी सांगतील. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते तेही बघायला सांगा. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं किंवा लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर तक्ता राहू दे, त्याच दिवशी दाखवा. आणि घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी कल्चरचा नमुना देण्याआधी घेऊ नका, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो.