‘ब्लू नोट’ला कोमल गंधार म्हणावे का?

विचारणा अशी आहे की, ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारावरील मराठी लेखनात ‘ब्लू नोट’ या संज्ञेसाठी कोठे ‘उदास स्वर’ तर कोठे ‘कोमल गंधार’ असे लिहिलेले आढळते. यांपैकी योग्य काय, आणि ब्लूजचा चटकन ओळखू येणारा नाद या एकाच स्वरामुळे येतो का?

‘उदास स्वर’ हा पर्याय प्रथम बाजूला ठेवावा. इंग्रजीत ‘ब्लू’ या शब्दाला खिन्नतेची छटा जुनी आहे आणि ब्लूज हे नावही तिच्यातूनच आले, हे खरे. परंतु ब्लूजमधील कितीतरी गाणी थट्टेखोर, चावट किंवा निव्वळ नाचण्यासाठी रचलेली आहेत आणि त्यांतही ब्लू नोट तितक्याच ठसक्यात लागते. ही संज्ञा स्वराच्या स्थानाविषयी आणि लगावाविषयी बोलते. गाण्याचा भाव कोणता, हे ती सांगत नाही.

‘कोमल गंधार’ हे त्यामानाने वस्तुस्थितीच्या जवळ जाणारे आहे. पियानोच्या बारा पट्ट्यांच्या हिशेबात ब्लू नोटा म्हणून कोमल गंधार, कोमल निषाद आणि तीव्र मध्यमाच्या जागी येणारा उतरलेला पंचम असे तीन स्वर सांगितले जातात. ब्लूजची म्हणून शिकवली जाणारी स्वरपंक्ती सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि अशी असते, म्हणजे आपल्या धानी रागाच्या पाच स्वरांत एका तीव्र मध्यमाची भर. मात्र एखाद्या हार्मोनियमवादकाने हे स्वर क्रमाने वाजवले, तर ब्लूजचा भास होईल, ब्लूज होणार नाही. कारण गायक ज्या ठिकाणी थांबतो ते ठिकाण बहुधा पट्टीवर सापडत नाही. समविभागी सप्तकात (म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक 100 सेंटचा) षड्जापासून कोमल गंधार 300 सेंटवर आणि शुद्ध गंधार 400 सेंटवर असतो, आणि ब्लूजचा गंधार या दोहोंमधल्या जागेत, कधी खालून वर घसरत, कधी मध्येच रेंगाळत लागतो. म्हणून गिटारवादक तार खेचून मींड घेतो किंवा बाटलीचा गळा बोटात घालून तारांवर सरकवतो, माउथ ऑर्गन वाजवणारा श्वास आत ओढताना स्वर खाली वाकवतो, आणि ज्याला यांपैकी काहीच शक्य नाही तो पियानोवादक दोन शेजारच्या पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून वेळ निभावून नेतो. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी 1914 साली ‘सेंट लुईस ब्लूज’ प्रसिद्ध केले; अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय गायक तिसऱ्या आणि सातव्या स्वरावर जो घसरता लगाव करीत, तो सुचवण्यासाठी आपण स्वरलेखनात ते स्वर कोमल केले, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. कागदावरचा कोमल गंधार ही लेखनाची सोय होती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तरीही केवळ श्रुती मोजून हा प्रश्न सुटत नाही, कारण दरबारी कानड्याचा आंदोलित गंधारही पट्टीवर बसत नाही आणि त्याला कोणी ब्लू नोट म्हणत नाही. ब्लूजमध्ये साथीची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचा स्वरसमूह, सा, शुद्ध ग, प आणि कोमल नि अशी असते. साथ शुद्ध गंधार उघडपणे वाजवत असताना गायक त्याच क्षणी त्याच्याखाली उतरलेला गंधार गातो, आणि या दोन गंधारांच्या घर्षणातून तो नाद उपजतो. (जोग रागात दोन्ही गंधार असतात, पण ते आळीपाळीने येतात. जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू शुद्ध गंधार मात्र कोमल गंधाराच्या रागांतही मागे गुणगुणत असतो, त्यामुळे हा ताण मराठी कानाला अगदीच अनोळखी नसावा.)

आता रचनेकडे पाहू. ब्लूजचा सर्वांत रूढ आराखडा चार चार मात्रांच्या बारा बारचा (बार म्हणजे तालातील एक विभाग), म्हणजे 48 मात्रांचा असतो. पहिले चार बार साथ षड्जाच्या कॉर्डवर राहते, पाचव्या-सहाव्या बारला ती मध्यमाच्या कॉर्डवर जाते आणि पुन्हा षड्जावर येते; नवव्याला पंचम, दहाव्याला बहुधा मध्यम, शेवटी षड्ज. गायक पहिली ओळ म्हणतो, तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतो; प्रत्येक ओळीनंतरची मोकळी जागा वाद्य भरते. मध्यमाची कॉर्ड म, ध, सा आणि कोमल ग अशी असल्यामुळे पहिल्या ओळीत साथीशी भांडणारा कोमल गंधार दुसऱ्या ओळीत, शब्द तेच आणि बहुधा चालही तीच असताना, साथीच्याच घरचा होतो. माझ्या मते ब्लूजच्या नादाचे मर्म येथे आहे आणि एखाद्या सुट्या स्वराकडे सगळे श्रेय देणे अपुरे आहे. दोन सारख्या अर्ध्या मात्रांऐवजी पहिली लांब आणि दुसरी आखूड ठेवणारी झुलती लयही त्यात येते. पण ती जॅझमध्येही असल्याने एकट्या ब्लूजची खूण ठरत नाही.

तेव्हा लेखनात ‘ब्लू नोट’ हीच संज्ञा ठेवावी, आणि प्रथम उल्लेखाच्या वेळी ‘शुद्ध गंधाराच्या साथीवर लावलेला, किंचित चढा आणि घसरता कोमल गंधार’ असे तिचे विवरण द्यावे. निषाद आणि पंचमासंबंधी गरजेनुसार पुढे लिहिता येईल. ‘स्वर’ पुल्लिंगी असला तरी ‘नोट’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी रुळला आहे, म्हणून ‘ब्लू नोट लागली’, ‘ब्लू नोटा लागल्या’ असे लिहिणेच स्वाभाविक होईल. ‘ब्लूज’ हे मुळात अनेकवचनी रूप असले, तरी ‘ब्लूज हा गानप्रकार’ असा एकवचनी वापर करण्यास हरकत नाही.