दोन डॉक्टर, दोन गोळ्या आणि एक सासूबाई

प्रश्न : सासूबाई 71 वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही. गेल्या महिन्यात पोळ्या लाटताना उजव्या हातातलं लाटणं गळून पडलं, बोलणं बोबडं झालं. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत. ईसीजीत ठोके अनियमित निघाले म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी अ‍ॅपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. एमआरआयमध्ये मेंदूची डावीकडची रक्तवाहिनी 60 टक्के अरुंद दिसली, म्हणून घरच्या डॉक्टरांनी जुनी अ‍ॅस्पिरिनही चालू ठेवली. आता हिरड्यांतून रक्त येतं, दंडावर काळेनिळे डाग पडतात. पुण्याचे भाचे म्हणतात, स्टेंट टाकून मोकळे व्हा. काय करावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : वीस मिनिटांत ओसरला तरी तो मेंदूचा छोटा झटकाच होता, त्यामुळे तुमची धावपळ योग्यच होती.

ठोके अनियमित असले की हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला जी छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साकळतं आणि गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. ती अडवायला अ‍ॅपिक्साबॅन हवीच. तिथे अ‍ॅस्पिरिन फार तोकडी पडते. अरुंद रक्तवाहिनीचं गणित उलटं. 2005 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत अशा रुग्णांत वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं जुनं औषध अ‍ॅस्पिरिनपेक्षा सरस ठरलं नाही, वर रक्तस्राव वाढला. पण अनियमित ठोक्यांचे रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणून तुमच्यासारख्या घरांत एक डॉक्टर एक गोळी लिहितो, दुसरा दुसरी, आणि पेशंट दोन्ही गिळतो.

दोन्ही दुखणी एकत्र असलेल्या रुग्णांवर जपानमध्ये चाचणी झाली, 2025 मध्ये तिचे निष्कर्ष आले. दोन्ही गोळ्या दिल्याने झटके कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र दुपटीच्या आसपास गेला. माझा कल त्यामुळे एकट्या अ‍ॅपिक्साबॅनकडे. अर्थात हृदयात अलीकडे स्टेंट बसवला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका; हिरड्यांची तक्रार सांगून याच आठवड्यात दोघा डॉक्टरांकडून एकच चिठ्ठी लिहून घ्या. शौच काळी झाली किंवा डोकं अचानक भयंकर दुखलं, तर मात्र तडक हॉस्पिटल गाठा. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप आकसली होती का, हेही विचारा. तसं असेल तर अ‍ॅपिक्साबॅन नव्हे, वॉरफरिनच लागतं.

भाच्यांना सांगा, मेंदूतला स्टेंट हृदयातल्यासारखा नाही. 2011 च्या अमेरिकन चाचणीत स्टेंट टाकलेल्यांपैकी 14.7 टक्के रुग्णांना महिन्याभरात झटका आला किंवा मृत्यू आला. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण 5.8 टक्के होतं. अरुंद वाहिनीवर खरा इलाज म्हणजे स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 70 च्या खाली, शुगर ताब्यात. बीपीही उतरवायचं, पण बेताबेताने. उठल्यावर भोवंड येत असेल तर डॉक्टरांना कळवा.

अ‍ॅपिक्साबॅन दिवसातून दोनदा असते आणि तिचा असर लवकर ओसरतो. सासूबाई उपवासाच्या दिवशी गोळ्या चुकवतात का, ते जरा पाहा. रिकाम्या पोटीही ती चालते, तेव्हा एकादशीची सबब नको. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही बंद; त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

पुन्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा आणि अ‍ॅपिक्साबॅनची शेवटची गोळी किती वाजता घेतली ते दारातच सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात, आणि ते द्यायचं की नाही हे बरंचसं शेवटच्या गोळीच्या वेळेवर ठरतं.