तंबाखू नाही, मशेरी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. आरोग्य सर्वेक्षणाच्या कामावर तुझी निवड झाली हे कळलं. यंत्र, टेप, टॅबलेट सगळं प्रशिक्षणात शिकवतील. मी फक्त दाराशी काय घडतं ते सांगतो.

माझ्या पहिल्याच फेरीत साताऱ्याकडच्या एका आजींना विचारलं, "तंबाखू खाता का?" त्या जवळजवळ रागावल्याच. "न्हाई बा, आमच्यात कुनी खात न्हाई." मी 'नाही'वर खूण केली. उठताना पाहतो तर चुलीवर तव्यात मशेरी, म्हणजे दाताला लावायची तंबाखूच, भाजत होती, घरभर ठसका! आजींच्या लेखी ते दात घासणं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, मीच अर्धवट विचारलं होतं. २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं निघालं. धूरविरहित, म्हणजे न ओढता खायच्या-लावायच्या तंबाखूचं प्रत्येक रूप नाव घेऊन विचारलं, तरच असा आकडा हाती लागतो.

व्यायामाचंही तेच. डोक्यावर दोन हंडे आणणारीला "व्यायाम करता का?" विचारलंस तर ती हसेल. म्हणून कामातली, येण्याजाण्यातली आणि फावल्या वेळातली हालचाल वेगवेगळी विचारायची. तिथे घाई नको.

रक्तदाब राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीनदा मोजतात, मध्ये पाच मिनिटं थांबून. पहिला आकडा बहुतेकदा तुझ्याच धास्तीने चढलेला असतो. संध्याकाळी शेवटच्या घरी तिसऱ्यांदा पट्टा बांधायचा कंटाळा येतो, मग कुणी कुणी १२०-८० मनानेच भरतात. सगळे आकडे शून्यावर संपायला लागले की ऑफिसात आम्हाला लगेच वास येतो.

घराला कुलूप असेल तर परत जा. त्याऐवजी शेजारच्या घरात शिरू नकोस. दुपारी भेटणाऱ्यांवर भागवलंस, तर कामावर गेलेले पुरुष हिशोबातूनच जातील.

आणि हो, गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह हा इंडियाब या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाचा आकडा. त्यांनी उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कुठल्याही वेळी बोटाला सुई टोचतात. दोन्ही आकडे शेजारी मांडून भांडणारे भेटतील, त्यांना मोजलं कसं ते विचार.

कुणाचा रक्तदाब जास्त निघाला तर चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिही, आणि घरातल्या शाळकरी पोराकडून एकदा मोठ्याने वाचून घे.

तुझा,
सर