सात वर्षांच्या मुलीला थेट पिवळ्या चेंडूवर टेनिस शिकवावे का?

माझे स्पष्ट मत असे आहे की सात वर्षांच्या मुलीला पिवळा, म्हणजे मोठ्यांच्या टेनिसचा नेहमीचा चेंडू देण्याची घाई करू नये, शेजारच्या कोर्टवर तिच्याच वयाची मुले त्याने खेळत असली तरीही. तो चेंडू उसळून तिच्या खांद्याच्या वर येतो, तो परतवताना तिचा हात नकळत रॅकेटच्या मुठीखाली सरकतो, आणि ही पकड एकदा अंगवळणी पडली की पुढे मोडता मोडत नाही.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या क्रमानुसार आठ वर्षांपर्यंत ११ ते १२ मीटर लांबीच्या छोट्या कोर्टवर लाल चेंडू वापरतात, जो पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो. त्यानंतर १८ मीटरच्या कोर्टवर ५० टक्के मंद नारिंगी, आणि शेवटी पूर्ण कोर्टवर २५ टक्के मंद हिरवा चेंडू येतो. दहा वर्षांखालील स्पर्धांत पिवळा चेंडू वापरू नये, हा नियमही २०१२ पासून लागू आहे. रॅकेट २३ इंचांपर्यंतचे पुरे.

प्रशिक्षण निवडण्यापूर्वी एक पूर्ण तास कोर्टच्या कडेला उभे राहून पाहा. आठ मुले रांगेत थांबून टोपलीतला एकेकच चेंडू मारत असतील, तर तिचा निम्म्याहून अधिक वेळ वाट पाहण्यातच जाईल. त्याऐवजी दोघा-दोघांच्या जोड्या सलग दहा फटक्यांची रॅली करण्यासाठी धडपडताना दिसल्या, शिवाय चेंडू खांद्यावरून फेकण्याचे आणि झेलण्याचे खेळही घेतले जात असतील (सर्व्हिसचा पाया तोच आहे), तर तिथे तिला निःशंकपणे पाठवा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेसे आहेत. उरलेल्या दिवशी तिला पोहू द्या, धावू द्या.